विश्लेषण : बास्केटबॉलच्या मूळ नियमांत कोच नव्हताच! मग पंचांवर ओरडणारे कोच आले कुठून?

शालेय क्रीडा स्पर्धांचा मोसम सुरू झाला, की मैदान बीडचे असो, अंबाजोगाईचे असो की परळीचे, बास्केटबॉलच्या पंचांना एका प्रसंगाची तयारी ठेवावीच लागते. चौदा वर्षांखालील मुलांचा सामना रंगात आलेला असतो. शिट्टी वाजते, फाउल दिला जातो आणि रेषेबाहेर उभे असलेले सर तावातावाने पंचांकडे निघतात. पंच बहुतेकदा दुसऱ्या शाळेतले तरुण क्रीडाशिक्षक किंवा कॉलेजचा माजी खेळाडू. समोरचे सर वयाने मोठे, ओळखीचे, कदाचित त्यालाच कधी शिकवलेले. त्यांना ताकीद द्यायची कशी?

सरांचा रागही अगदीच निराधार नसतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे. एक सामना हरला, की मुलांचा त्या वर्षाचा प्रवास तिथेच थांबतो. क्रीडा सवलतीच्या गुणांपासून पुढे नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणापर्यंत बरेच काही या शिडीला टांगलेले असते. त्यामुळे एका शिट्टीची किंमत दोन गुणांपेक्षा मोठी वाटू लागते.

गंमत म्हणजे ज्या माणसाने हा खेळ तयार केला, त्याने नियम लिहिताना कोचचा विचारच केला नव्हता. पंचांना मात्र भरपूर अधिकार दिले होते. असे का, हे जेम्स नेस्मिथ यांचे आयुष्य पाहिल्यावर कळते.

कोण होते जेम्स नेस्मिथ?

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आल्मॉण्ट गावाजवळ ६ नोव्हेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. नऊ वर्षांचे असताना, १८७० मध्ये, विषमज्वराने आई-वडील दोघेही गेले. पुढे मामाच्या शेतावर ते वाढले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते जंगलात लाकूडतोडीच्या कामाला लागले. हंगामी कामापायी शाळा सुटणे म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या गावांना वेगळे सांगायला नको. नेस्मिथ मात्र काही वर्षांनी पुन्हा शाळेत आले आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८८८ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी धर्मोपदेशक होण्यासाठी शिक्षण घेतले.

धर्मशास्त्र शिकणारा विद्यार्थी फुटबॉल खेळतो, हे तेव्हा अनेकांना खटकत होते. त्यांचे सहाध्यायी त्यांच्या सुधारणेसाठी प्रार्थना करत. तो फुटबॉल रग्बीसारखा, अंगावर येणारा. एकदा तर नेस्मिथ काळेनिळे डोळे घेऊनच प्रवचनाला उभे राहिले.

याच काळात एका सामन्यात शेजारचा खेळाडू भडकला आणि त्याच्या तोंडून शिवी गेली. लगेच तो नेस्मिथ यांच्याकडे वळला आणि ते जवळ असल्याचे विसरलो म्हणून माफी मागू लागला. नेस्मिथ त्याला काहीच बोलले नव्हते. आपण नुसते शांत उभे असल्याचाही समोरच्यावर परिणाम होतो, हे त्यांच्या लक्षात आले. चर्चऐवजी मैदानावरच काम करायचे, या निर्णयामागे त्यांनी पुढे हा प्रसंग सांगितला. आज पंचांना ओरडणाऱ्या कोचसमोर आवाज न चढवण्याचे जे धडे दिले जातात, त्यांच्याशी हा अनुभव थेट जुळतो.

खेळ तयार करताना रागाचा विचार कसा झाला?

१८९० मध्ये नेस्मिथ अमेरिकेतील स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत आले. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्याकडे अठरा तरुणांचा एक वर्ग सोपवला गेला. बाहेर बर्फ, आत जिमखान्यात रोजची कवायत आणि तिला कंटाळलेली पोरे. आधीच्या दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांना बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधायला दोन आठवडे दिले.

फुटबॉल, सॉकर, लॅक्रॉस असे मैदानी खेळ आत आणून पाहिले. कुणाला मार लागला, कुठे काही फुटले. मग त्यांनी प्रश्नाचे सुटे भाग केले. इंजिनीअर करेल तसेच. मारामारी होते कधी? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावे लागते तेव्हा. म्हणून चेंडू घेऊन पळायचेच नाही. चेंडू जोरात का मारला जातो? गोल समोर उभा असतो म्हणून. मग गोल डोक्याच्या वर आणि आडवा ठेवायचा, म्हणजे चेंडू अलगद, कमानीत टाकावा लागेल. इथे त्यांना लहानपणीचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर ठेवलेला दगड लांबून उडवायचा, आपल्या लगोरीच्या जवळचा. त्यातही जोरात भिरकावण्यापेक्षा नेम धरून वरून टाकणारा जिंकायचा.

टोपल्यांचा किस्सा सर्वांना माहीत आहे. खोकी मिळाली नाहीत, शाळेचे देखभाल कर्मचारी स्टेबिन्स यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग ३.०५ मीटरवरच आहे.

२१ डिसेंबर १८९१ हा या खेळाचा जन्मदिवस मानला जातो. नऊ विरुद्ध नऊ असा सामना झाला आणि एकच बास्केट पडला. पण सुरुवात इतकी सोज्वळ नव्हती. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात नेस्मिथ यांनी पहिल्या प्रयोगाची जी आठवण सांगितली, तिचे ध्वनिमुद्रण अलीकडे अभ्यासकांच्या हाती लागले. पोरांनी एकमेकांना धरले, लाथा-बुक्क्या मारल्या, काहींचे डोळे सुजले, एकाचा खांदा निखळला, एक जण बेशुद्ध पडला. नियमांवर आणखी काम करावे लागले, ते यामुळे.

पंचांना नेमके कोणते अधिकार दिले?

टंकलिखित दोन पानांत तेरा नियम बसले. त्यातले तीन पंचांच्या बाजूने फार महत्त्वाचे आहेत.

खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे, मारणे यातले काहीही केले तर पहिल्या वेळी फाउल. दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. आणि इजा करण्याचाच हेतू दिसला तर पूर्ण सामन्यासाठी बाहेर, बदली खेळाडूही नाही. लागोपाठ तीन फाउल झाले, तर समोरच्या संघाला फुकटचा गोल.

दुसरी गोष्ट, काम दोघांत वाटले. एका पंचाने खेळाडूंवर नजर ठेवायची, फाउल मोजायचे, बाहेर काढायचे. दुसऱ्याने चेंडू, वेळ आणि गोल पाहायचे. एकाच माणसाने सगळे पाहिले तर काहीतरी सुटते आणि जे सुटते त्यावरूनच वाद पेटतो. ही वाटणी आजच्या दोन किंवा तीन पंचांच्या पद्धतीची आजी म्हणता येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे जी त्यात नाही ती. निर्णयावर हरकत घ्यायची सोय नाही आणि रेषेबाहेरून सूचना देणाऱ्या माणसाचा उल्लेखही नाही.

नेस्मिथ स्वतःही पंच म्हणून उभे राहत. महिलांच्या एका सुरुवातीच्या सामन्यात त्यांनी फाउल दिला, तेव्हा त्या खेळाडू बाईंनी खेळाच्या जनकालाच चांगले फैलावर घेतले. निधनानंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा किस्सा मिश्कीलपणे नोंदवला आहे. राग आला म्हणून त्यांनी महिलांचा खेळ बंद करा असे म्हटले नाही, हे महत्त्वाचे.

मग कोच आले कुठून?

नेस्मिथ यांच्याच अंगणातून. डेन्व्हरमध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले. काम प्रार्थनासभा घेण्याचे आणि व्यायाम शिकवण्याचे. बास्केटबॉल संघही त्यांच्याकडेच आला. १९०७ पर्यंत ५५ विजय आणि ६० पराभव. कॅन्ससच्या इतिहासात पराभव जास्त असलेले ते एकमेव प्रशिक्षक ठरले. कधी कधी ते आपल्याच संघाच्या सामन्यात पंचही होत. आज जिल्हा स्पर्धेत कुणी असे करून दाखवावे!

त्यांच्या लेखी हा खेळ शिकवायचा नसून खेळायचा होता. शिष्य फॉग ॲलन यांना दुसऱ्या कॉलेजकडून प्रशिक्षक म्हणून बोलावणे आले, तेव्हा नेस्मिथ यांना हसू आले. ॲलन यांनी ते मनावर घेतले नाही. कॅन्ससला त्यांनी पुढे ५९० सामने जिंकून दिले आणि १९२७ मध्ये प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला.

कोच आले तसा आवाजही आला. १९१०-११ मध्ये अमेरिकेच्या कॉलेज नियमांत सामना सुरू असताना बाहेरून मार्गदर्शन करण्यावरच बंदी घालण्यात आली. पहिल्या वेळी ताकीद, त्यानंतर समोरच्या संघाला फ्री थ्रो. टाइम-आउटमध्ये खेळाडूंशी बोलण्याची मुभा कोचला मिळाली ती थेट १९४८-४९ च्या मोसमात. म्हणजे खेळाच्या पहिल्या अर्ध्या शतकातील बराच काळ कोचने गप्प बसणे हाच नियम होता.

भारतात आज फिबाचे नियम चालतात. त्यांची चढण जुन्या नियमांसारखीच आहे. पंच आधी ताकीद देतात. तरीही उद्धट बोलणे किंवा वागणे सुरू राहिले तर टेक्निकल फाउल, समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. मुख्य कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल असे दोन झाले, की त्यांना मैदान सोडून ड्रेसिंग रूममध्ये किंवा इमारतीबाहेर जावे लागते. निर्णयाबद्दल माहिती हवी असेल तर कर्णधाराने, चेंडू थांबलेला असताना, सभ्यपणे विचारायचे. मुलांच्या सामन्यात या शेवटच्या नियमाचा वापर फारच कमी होतो. तेरा वर्षांच्या कर्णधाराला पंचांकडे जाऊन विचारू दिले, तर सरांचे निम्मे अंतर तिथेच वाचेल. आणि तरुण पंचालाही वडीलधाऱ्या सरांना उलट बोलल्यासारखे वाटणार नाही. तो फक्त पायऱ्या चढत असतो, त्या त्याने बनवलेल्या नाहीत.

भारताशी त्यांचा काय संबंध?

पहिल्या सामन्यातील एका संघाचे कर्णधार डंकन पॅटन १८९४ मध्ये वायएमसीएच्या कामासाठी भारतात आले आणि हा खेळ सोबत घेऊन आले, असे नेस्मिथ यांनीच लिहून ठेवले आहे. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे वायएमसीए कॉलेज सुरू केले आणि पीटीच्या शिक्षकांची पहिली फळी तिथून तयार होऊ लागली.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकांचा खेळ म्हणून आला. याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळ दाखवले होते. नेस्मिथ यांना तिथे जायला पैसे नव्हते. खेळातून त्यांनी कधी कमाई केली नाही. सामन्यांच्या तिकिटांमागे एकेक सेंट बाजूला काढून त्यांच्या प्रवासाचा निधी जमवला गेला, आणि ती मोहीम चालवली प्रशिक्षकांच्याच संघटनेने. पहिल्या सामन्यात चेंडू उडवायचा मान नेस्मिथ यांना मिळाला. अंतिम सामना पावसात, चिखल झालेल्या उघड्या मैदानावर झाला. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेरा नियमांची ती दोन मूळ पाने डिसेंबर २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला विकली गेली आणि आता कॅन्सस विद्यापीठात आहेत. शेजारच्याच स्टेडियमला फॉग ॲलन यांचे नाव आहे. त्यातल्या मैदानाला नेस्मिथ यांचे.