शंका विचारण्याच्या हक्कासाठी झटलेले र. धों. कर्वे

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरक उपचारांविषयी डॉक्टरांना विचारताना आजही अनेक स्त्रिया संकोचतात. शरीराविषयीच्या अशा शंकांना मोकळे, शास्त्रीय उत्तर मिळावे यासाठी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आयुष्य वेचले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले पुत्र. जन्म १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना, १९२१ मध्ये, त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांच्या साथीने त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि अखेरपर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही दंड झालाच. १९५३ मध्ये कर्वे यांचे निधन झाले.

मौनाची किंमत किती मोठी, हे पुढे विदर्भात दिसले. चंद्रपूरमधून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के.

स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर संप्रेरके सहसा दिली जात नाहीत. पण ते ठरवण्यासाठी डॉक्टरांपुढे आधी बोलावे लागते. कर्वे यांचा आग्रह नेमका तोच होता.