किल्ली आणि तिजोरी
महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे अर्थमंत्री. २९ फेब्रुवारी १९५२ रोजी ते हंगामी संसदेपुढे उभे राहिले, तेव्हा पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान आटोपले होते. जाणाऱ्या सभागृहाने येणाऱ्याचे हात का बांधावेत? म्हणून अंतरिम अंदाजपत्रक मांडून त्यांनी काही महिन्यांपुरतेच लेखानुदान मागितले. आधी सभागृहाचे मत, मग विनियोजन विधेयक, मग राष्ट्रपतींची संमती. त्याशिवाय पैही निघत नाही. पूर्ण अंदाजपत्रक मे महिन्यात नव्या लोकसभेपुढे आले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. १९८२ साली ते गेले. किल्ली हाती असली तरी तिजोरी आपली नसते, हे आम्ही बँकवाले पहिल्याच दिवशी शिकतो. चिंतामणराव ते मंत्रिपदावरही विसरले नाहीत.