कललेला मचवा आणि बूगेरचा बिंदू

बँकेच्या नोकरीत मी अनेक प्रकारची तारणे पाहिली. सोने पाहिले, गुरे पाहिली, आंब्याच्या बागा पाहिल्या. पण पाण्यावर तिरके उभे राहिलेले तारण एकदाच पाहिले. साल होते १९८६. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत माझी नुकतीच बदली झाली होती. कौले आणि जळाऊ लाकूड वाहणाऱ्या एका शिडाच्या मचव्याच्या दुरुस्तीसाठी आम्ही कर्ज दिले होते आणि दुरुस्ती झाल्याची पाहणी करायला मी धक्क्यावर गेलो होतो.

मचवा नवाकोरा दिसत होता. जुनी डोलकाठी काढून नवी, चांगली जाड काठी उभी केली होती. मागच्या बाजूला तांडेलासाठी लाकडी खोली बांधली होती. फक्त एकच गोष्ट खटकत होती. वारा नाही, लाट नाही, माल नाही, शीड गुंडाळलेले. आणि तरी मचवा डाव्या अंगावर कलून उभा. मालकाचा चेहरा उतरलेला होता. माझाही उतरला असणार, कारण सही माझी होती.

डावीकडे कलला तर उजवीकडे वजन टाका, हे लहान मूलही सांगेल. मालकाने तेच केले. उजव्या कडेला फळ्यांवर दगड रचायला लावले. मचवा हळूहळू सरळ होऊ लागला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात तो एक गचका खाऊन उजवीकडे आडवा झाला, आधीपेक्षाही जास्त. दगड रचणारा पोरगा पाण्यात पडला. पोहता येत होते म्हणून निभावले.

मग गावातले एक म्हातारे तांडेल आले. त्यांनी आधी तळाशी पाणी साचले आहे का ते पाहिले. साचलेले पाणी कलत्या बाजूला धावते आणि कल वाढवते. पाणी नव्हते. मग त्यांनी विचारले, रंगकामासाठी बुडातले दगड काढले होते, ते सगळे परत भरले का? मालक गप्प. नव्या खोलीचे वजन वाढलेच आहे, मग आणखी ओझे कशाला, म्हणून निम्मे दगड, म्हणजे आपले नीरम, धक्क्यावरच राहिले होते. म्हाताऱ्यांनी वरचे दगड जपून उतरवून घेतले. मचवा पुन्हा डावीकडे कलला, तेव्हा त्यांनी ते दगड थेट तळाशी, कण्यालगत भरायला सांगितले. आणि गंमत म्हणजे सुरुवात कललेल्या बाजूनेच. मला वाटले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. संध्याकाळपर्यंत मचवा ताठ उभा होता.

हे असे का झाले, हे मला कळायला पंधराएक वर्षे लागली. एका कादंबरीसाठी जहाजांवरचे वाचताना पिएर बूगेर हा फ्रेंच माणूस भेटला आणि धक्क्यावरची ती दुपार लख्ख आठवली.

बूगेर १६९८ साली फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, ल क्रोआझिक नावाच्या बंदरात जन्मला. वडील खलाशांना नौकानयन शिकवणारे सरकारी प्राध्यापक. १७१४ साली ते वारले, तेव्हा मुलगा जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्याने वडिलांच्या जागेसाठी अर्ज केला, परीक्षा दिली आणि जागा मिळवली. आमच्या बँकेतही अनुकंपा तत्त्वावर लागलेली मुले मी पाहिली आहेत. पण दाढीमिशा पिकलेल्या खलाशांसमोर फळ्यापाशी उभे राहिलेले हे पोर डोळ्यांसमोर आणले की मला त्याचे फार कौतुक वाटते.

१७२७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जहाजावर डोलकाठ्या कशा उभाराव्यात या विषयावर बक्षीस लावले. ते बूगेरने पटकावले. मागे पडलेल्यांत वीस वर्षांचा ऑयलर होता, पुढे जगाने ज्याला महागणिती म्हटले तो. बूगेरचे डोके एका विषयात मावत नसे. सूर्याचा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे तीन लाख पट असतो, हे त्याने मेणबत्त्यांशी तुलना करून काढले होते.

मग आले पेरूचे प्रकरण. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे की ध्रुवांकडे निमुळती लांबट, हा त्या काळचा मोठा वाद. तो मिटवण्यासाठी १७३५ साली एक तुकडी आजच्या इक्वेडोरमध्ये गेली. गोदँ, ला कोंदामिन आणि बूगेर हे तिघे प्रमुख, आणि तिघांचे आपापसांत पटेना. तीन-चार वर्षांचे म्हणून गेलेले काम बूगेरला नऊ वर्षे पुरले. अँडीजच्या बर्फाळ शिखरांवर, धुके हटण्याची वाट बघत, तंबूत आठवडेच्या आठवडे कुडकुडत बसायचे. तुकडीतल्या डॉक्टरला १७३९ मध्ये क्वेन्का गावात जमावाने मारले. उत्तरेकडे लॅपलँडला गेलेली दुसरी तुकडी तर आधीच परत येऊन पृथ्वी फुगीर असल्याचे सांगून मोकळी झाली होती. एखाद्याने निराश होऊन हातपाय गाळले असते. या माणसाने डोंगराच्या ओढीने ओळंबा किती ढळतो हे चिंबोराझोवर मोजायचा प्रयत्न केला, आणि समुद्रापासून इतक्या उंचीवर बसून जहाजांवरच्या ग्रंथाचे काम चालवले.

तो ग्रंथ १७४६ साली छापला गेला. तोवर जहाज बांधून पाण्यात लोटायचे आणि मग ते सरळ राहते का ते पाहायचे, असाच खाक्या होता. स्वीडनच्या राजाचे ‘वासा’ १६२८ साली निघण्याआधी तीस माणसे डेकवर इकडून तिकडे पळवून पाहिली, तेव्हा ते इतके झुलले की पळापळ थांबवावी लागली. तरी ते निघाले, आणि बंदरातच बुडाले. कलणाऱ्या जहाजाला पाण्याच्या पातळीपाशी बाहेरून जाड फळ्या ठोकून रुंद करण्याचा उपायही चाले. तो लागू पडे, पण का ते कोणी सांगू शकत नव्हते.

बूगेरने ते सांगितले. होडी कलली की तिचा बुडालेला भाग बदलतो आणि पाण्याचा वर उचलणारा जोर त्या बाजूला सरकतो. त्या जोराच्या जागेतून सरळ वर रेघ काढा. ती होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला त्याने मेटासेंटर म्हटले. होडीच्या वजनाचा मध्य या बिंदूच्या खाली असेल, तर कललेली होडी आपोआप उठते. वर गेला, तर ती सरळ उभीच राहू शकत नाही. डावीकडे नाहीतर उजवीकडे, कुठेतरी टेकल्यासारखी पडून राहते. आणि हा बिंदू किती उंच, हे ठरवण्यात रुंदीचा घन येतो, म्हणून रुंदी थोडी वाढली तरी फरक मोठा पडतो.

आमचा मचवा एका बाजूला जड नव्हताच. तो वरून जड झाला होता. जाड काठी आणि खोली वर, दगड धक्क्यावर. त्यात मालकाने आणखी दगड वरच रचले. नुसता एका बाजूला माल जास्त असता, तर मचवा ढकलला तरी परत त्याच बाजूला आला असता आणि दुसरीकडचे वजन लागू पडले असते. हा मात्र दोन्हीकडे सारखाच पडायला तयार होता. अशा वेळी उंचावलेल्या बाजूला वजन टाकणे म्हणजे त्याला पलीकडे कोलमडायला मदत करणे. म्हणून म्हाताऱ्यांनी कललेल्या बाजूनेच, पण तळाशी, सुरुवात केली.

बूगेर १७४४ साली पॅरिसला परतला. पुढची बरीच वर्षे ला कोंदामिनशी मोजमापांच्या श्रेयावरून कडवट भांडणात गेली. ला कोंदामिन ॲमेझॉन नदीतून परतला होता, खुमासदार लिहायचा, त्यामुळे लोकांच्या तोंडी त्याचेच नाव राहिले. ऑयलरही स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षांवर पोहोचला होता. त्याचा ग्रंथ मात्र १७४९ साली निघाला. बूगेर १७५८ च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याचा प्रकाशावरचा ग्रंथ त्याच्यामागे, १७६० साली छापून निघाला.

म्हाताऱ्या तांडेलांना मी त्या दिवशी विचारले होते की हे तुम्हाला कोणी शिकवले. ते म्हणाले होते की त्यांच्या बापाचा एक मचवा खाडीच्या तोंडाशी असाच गेला होता. कर्ज मात्र मुदतीत फिटले, आणि पाहणीच्या अहवालात मी मचवा सुस्थितीत आहे एवढेच लिहिले.