गिटारला घाट देणारा सुतार

अभिजात संगीताच्या मैफलीत वाजणाऱ्या गिटारचा रुंद, कमरेशी आवळलेला घाट आज इतका परिचयाचा आहे की, तो कुणीतरी विचारपूर्वक निवडला असेल, हे ध्यानातही येत नाही. या निवडीचे श्रेय मुख्यत्वे अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराचे.

दक्षिण स्पेनमधील आल्मेरियानजीक १८१७ साली एका करवसुली कर्मचाऱ्याच्या घरी तोरेस यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी ते सुतारकाम शिकू लागले. विवाह लवकर झाला. परंतु दोन मुली बालपणीच दगावल्या आणि १८४५ मध्ये पत्नीचेही क्षयाने निधन झाले. पुढे सेव्हिल शहरात ते वाद्यनिर्मितीत स्थिरावले.

त्या काळातील गिटारी लहान आणि अरुंद असत. घरगुती बैठकीला त्यांचा आवाज पुरे, मोठ्या सभागृहात मात्र तो विरून जाई. पेटी नुसती मोठी करून भागणारे नव्हते. जड फळी तारांच्या कंपनांना दाद देत नाही. तोरेस यांनी पेटी रुंद केली, पण वरची फळी पातळ आणि किंचित फुगीर ठेवली. तिला आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. ही रचना पूर्वीही होती. तिचे प्रमाण त्यांनी साधले. वादक हूलियान आर्कास यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १८५८ च्या सेव्हिल प्रदर्शनात त्यांना पदकही मिळाले.

आवाजाचे मर्म वरच्या फळीत असते, हे पटविण्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार घडवली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १८६९ मध्ये तरुण फ्रान्सिस्को तारेगा गिटार घ्यायला आले, तेव्हा तोरेस यांनी आधी साधी गिटार पुढे केली. वादन ऐकल्यावर मात्र १८६४ साली घडवून स्वतःपाशी जपलेली गिटार त्यांनी तारेगांच्या हाती दिली.

एवढा लौकिक असूनही या कलेवर पोट भरेना. १८७० च्या सुमारास दुकान बंद करून ते आल्मेरियाला परतले आणि चिनी मातीची व काचेची भांडी विकू लागले. पाचेक वर्षांनी हात पुन्हा लाकडाकडे वळले, ते अखेरपर्यंत. १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी रूढ केलेला घाट आणि तारांची सुमारे ६५० मिलिमीटरची लांबी अभिजात गिटार घडविणारे आजही प्रमाण मानतात.