मॅलरीच्या अंगावर काय होतं?

फोनवर एक फोटो शोधा. १९२४ ची ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम. तंबूसमोर काही पुरुष दिसतील. अंगात कोट, स्वेटर, गळ्यात मफलर, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या. थंडीत पहाटे फिरायला निघालेले आपल्या सोसायटीतले आजोबा दिसतात ना, साधारण तसेच. हे लोक या कपड्यांत जगातल्या सगळ्यात उंच डोंगरावर चढणार होते.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसले होते. तुम्हीही हसाल. पण मग एक ट्रेक झाला आणि माझं हसू गेलं.

गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मी जीन्स आणि जाडजूड सुती हुडी घालून गेले. चढताना घामाने हुडी आतून ओली झाली. रात्री कोकणकड्यावर वारा सुटला आणि ती ओली हुडी अंगाला चिकटून बसली. माझे दात वाजायला लागले. शेवटी एका मैत्रिणीने तिच्या आजीने विणलेला, बारीक लोकरीचा, बिनबाह्यांचा स्वेटर काढून दिला. घडी केली तर ओंजळीत मावेल एवढा. हुडी काढून तो घातला, वरून रेनकोट चढवला, आणि थोड्या वेळात मी माणसात आले. एवढ्याशा पातळ कपड्याने हे कसं केलं, हे शोधता शोधता मी त्या फोटोतल्या एका माणसापाशी येऊन पोहोचले. जॉर्ज मॅलरी.

मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ चा, इंग्लंडमधल्या मॉबर्ली गावातला. वडील धर्मोपदेशक. लहानपणापासून दिसेल त्यावर चढायची सवय. विंचेस्टरच्या शाळेत असताना एका शिक्षकाने त्याला आल्प्समध्ये नेलं आणि डोंगराचं वेड लागलं ते कायमचं. पुढे केंब्रिजला शिकला आणि १९१० मध्ये गॉडलमिंग गावातल्या चार्टरहाउस शाळेत मास्तर म्हणून लागला. १९१४ मध्ये रूथ टर्नरशी लग्न झालं. लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं. मॅलरी तोफखान्यात होता, सोमची लढाई त्याने पाहिली. परत आला तेव्हा त्याच्या पिढीतली कितीतरी मुलं परतलीच नव्हती.

१९२१ मध्ये ब्रिटिशांची पहिली एव्हरेस्ट मोहीम निघाली आणि मॅलरीला बोलावणं आलं. तेव्हा नेपाळची वाट बंद होती, म्हणून दार्जिलिंगहून तिबेटमार्गे जायचं. नकाशासुद्धा धड नव्हता. त्या वर्षी मॅलरी आणि सहकाऱ्यांनी साधारण ७,००० मीटरवरच्या नॉर्थ कोल खिंडीपर्यंतची वाट शोधली. शिखराकडे जायचा रस्ता आहे, एवढं कळलं.

१९२२ मध्ये तो पुन्हा गेला. मॅलरी, नॉर्टन आणि सोमरवेल हे तिघं ऑक्सिजनशिवाय ८,२०० मीटरच्या वर पोहोचले. तोवर एवढ्या उंचीवर कुणीच गेलं नव्हतं. याच मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गडी होता. त्याने बलूनच्या कापडात पक्ष्याची मऊ पिसं भरून एक फुगीर कोट शिवून आणला होता. बाकीचे त्याला हसले. थंडी वाढली तसे हसणारे गप्प झाले. आज आपण ज्याला डाउन जॅकेट म्हणतो, त्याचा हा आजोबाच म्हणायचा. दर वेळी हसणारे चुकतात, बघा.

त्या मोहिमेचा शेवट मात्र वाईट झाला. ७ जूनला मॅलरी माणसं घेऊन नॉर्थ कोलकडे निघाला असताना हिमकडा कोसळला आणि ओझी वाहणारे सात शेर्पा मेले. चढाईचा निर्णय घेणाऱ्यांत तो होता. ही सल त्याच्या मनातून गेली नाही.

तरी तो तिसऱ्यांदा निघाला. घरी रूथ आणि तीन मुलं, त्यातला धाकटा जॉन जेमतेम तीन वर्षांचा. केंब्रिजमध्ये नवी नोकरी नुकती लागली होती. जावं की नाही, यावर तो बराच काळ अडला होता. फेब्रुवारी १९२४ च्या शेवटी लिव्हरपूलहून तो कॅलिफोर्निया नावाच्या बोटीत बसला आणि उतरला तो आपल्या मुंबईत. मार्चमधल्या मुंबईच्या उकाड्यात, बर्फावरचे कपडे ट्रंकेत भरून. तिथून रेल्वेने पुढे दार्जिलिंगकडे. सोबत सँडी अर्विन होता. ऑक्सफर्डचा विद्यार्थी, यंत्रांची जाण असलेला, बिघडलेल्या ऑक्सिजनच्या उपकरणांची खटपट करणारा. वय वर्षं २२. हे लिहिताना माझं वय तेवढंच आहे, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं त्याच्या आसपास असेल.

८ जून १९२४. मॅलरी आणि अर्विन सगळ्यात वरच्या तंबूतून शिखराकडे निघाले. मागून येणाऱ्या ओडेलला दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ढग फाटल्यावर वरच्या कड्यावर दोन काळे ठिपके सरकताना दिसले. मग ढग मिटले. ते दोघं परत आले नाहीत. मॅलरीचा अडतिसावा वाढदिवस दहा दिवसांवर होता.

त्यानंतर ७५ वर्षं लोक दोन प्रश्न विचारत राहिले. ते शिखरावर पोहोचले होते का? आणि त्या फोटोतले कपडे बघून दुसरा, हे असले कपडे घालून ते गारठून मेले नसतील तर काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजही नाही. दुसऱ्याचं बरंचसं मिळालं. १ मे १९९९ ला कॉनराड अँकर या गिर्यारोहकाला ८,१५५ मीटरवर मॅलरीचा देह सापडला. पाय मोडलेला, कमरेवर दोराचा काच. म्हणजे तो पडला होता. अंगावर कपड्यांचे सात-आठ थर. आतले थर सुती, रेशमी आणि लोकरीचे. मग फ्लॅनेलचा शर्ट, त्यावर गॉडलमिंगच्या हाय स्ट्रीटवरच्या दुकानाचं लेबल. वर लोकरी स्वेटर. सगळ्यात बाहेर गॅबर्डिनचं जॅकेट. गॅबर्डिन म्हणजे वारा आत शिरू नये म्हणून एकदम घट्ट विणलेलं कापड. यातला एकही थर जाड नव्हता.

पुढे ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी त्या कपड्यांच्या तुकड्यांचा धागा न् धागा तपासला. सूत किती बारीक, वीण कशी, पीळ केवढा. मग तशीच कापडं बनवून घेतली आणि मॅलरीच्या मापाचे कपडे पुन्हा शिवले. २००६ मध्ये एव्हरेस्टवीर ग्रॅहम हॉयलँड यांनी ते घालून एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या बाजूला वावरून पाहिलं. कपडे हलके निघाले, उबदार निघाले, आणि त्यात हातपाय मोकळे हलत होते. त्याचं गुपित रेशमात होतं. लोकरीवर लोकर घातली की थर एकमेकांना धरून ठेवतात, बाही वर ओढली जाते. मध्ये रेशीम आलं की थर एकमेकांवरून घसरतात. चालत्या, चढत्या माणसासाठी हा पोशाख व्यवस्थित होता. पण उघड्यावर रात्र काढायची वेळ आली असती, तर तो पुरला नसता. चांगलं कापड हवामान बरं असेपर्यंत आणि तुम्ही हलत असेपर्यंत साथ देतं. त्यापुढे नाही.

आता माझ्या त्या स्वेटरकडे येऊ. लोकरीचा केस सरळ नसतो, नागमोडी असतो. त्या वळणांत हवा अडकते आणि अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पिते, तरी हाताला ओली लागत नाही. माझी सुती हुडी घाम पिऊन गार पडली, ती याच परीक्षेत नापास झाली. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण थरांच्या मधेही हवा राहते, आणि उकडलं तर एक काढून ठेवता येतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे एव्हरेस्टवर जायचंय? बरोबर. पण तुमच्यातलं कुणी एकांकिकेसाठी १९२० च्या काळातला कोट शिवून घेणार असेल, कुणाला जानेवारीत हिमालयातला पहिला ट्रेक करायचा असेल, कुणी फॅशन डिझाइन शिकत असेल. लोकर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धनगराची घोंगडी नाहीतर टोचणारा स्वेटर येतो. घोंगडी पावसावाऱ्यात उत्तमच, पण तिचा शर्ट शिवता येत नाही. म्हणून कापड घ्यायला जाल तेव्हा हे करून बघा.

आधी वजन विचारा. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं, त्याला जीएसएम म्हणतात. साधारण १५० ते २५० म्हणजे हलकी लोकर. शर्ट, कुर्ता, झगा, अंगालगतचा थर, सगळं यात बसतं. कोटाला त्याहून भारी लागतं. मग कापड उजेडासमोर धरा. उजेड सगळीकडे सारखा झिरपला तर वीण एकसारखी आहे. कुठे जास्त, कुठे कमी दिसला तर राहू द्या. मग कोपरा मुठीत घट्ट दाबा आणि सोडा. चांगली लोकर हळूहळू पुन्हा सरळ होते. चुरगळलेलीच राहिली तर भेसळ असू शकते. तळहातावर नाही, मानेला लावून बघा. टोचतं की नाही ते मान लगेच सांगते. मेरिनोसारख्या मेंढीचा केस बारीक असतो, म्हणून ती लोकर सहसा टोचत नाही. शेवटी दोन धागे मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटांत चुरते. वितळून कडक मणी झाला तर ते प्लास्टिकचं सूत.

जुन्या काळचा पोशाख शिवताना फोटो बघून कापड जाड धरू नका. ही चूक हमखास होते. फोटोत दिसतो तो भारदस्तपणा पुष्कळदा थरांचा आणि अस्तराचा असतो. जाड कापडाचा कोट घालून स्टेजवरच्या दिव्यांखाली उभे राहाल, तर दुसऱ्या प्रवेशापर्यंत घामाघूम व्हाल. आणि बेतण्याआधी कापडाला वाफ देऊन आटवून घ्या, म्हणजे शिवल्यावर कपडा आखडणार नाही. इस्त्री करताना मध्ये ओलं फडकं ठेवा. गरम पाण्यात लोकर घुसळलीत तर तिचा नमदा होईल, मग तो कोट तुमच्या धाकट्या भाच्याला द्यावा लागेल.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या हिमनदीवर एक बूट सापडला. आत पाय होता आणि पायात मोजा. मोज्यावर लाल दोऱ्यातली छोटी पट्टी शिवलेली होती. पट्टीवर नाव होतं अर्विनचं. पुढे डीएनए चाचणीतही तोच असल्याचं ठरलं. शंभर वर्षं बर्फाने दळून काढलं, तरी एका मोज्यावरचे चार टाके निघाले नाहीत.

तो ग्रुप फोटो परत उघडा. डावीकडे उभे आहेत ते अर्विन आणि मॅलरी. आता त्यांच्या कोटाकडे जरा नीट बघा.