हानो गावच्या नाम्पेयो

आपल्याकडे कुंभार म्हटला की चाक आलेच. चाकाला हातही न लावता जगप्रसिद्ध झालेल्या एका बाईंची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उंच, कोरड्या पठारावर हानो हे छोटे गाव आहे. तेथे १८६० च्या सुमारास नाम्पेयो यांचा जन्म झाला. आई तेवा, वडील शेजारच्या वाल्पी गावचे होपी. तेवा लोक १६८० च्या बंडानंतरच्या धामधुमीत रिओ ग्रांदे नदीचा काठ सोडून होपींच्या शेजारी येऊन वसले, तरी आपली भाषा त्यांनी सोडली नाही. (महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मंडळींना याचे विशेष कौतुक!)

वाल्पीच्या आजीकडून त्या ही विद्या शिकल्या. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, भोपळ्याच्या तुकड्याने खरवडायचे, गुळगुळीत दगडाने घोटायचे, युक्का या झाडाच्या पानाच्या कुंचल्याने रंगवायचे आणि मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या जाळात भाजायचे.

जवळच सिक्यात्की नावाचे, कित्येक शतकांपूर्वी ओस पडलेले गाव होते. तेथील पिवळसर भांड्यांवरची पक्ष्यांची, पिसांची नक्षी नाम्पेयोंच्या मनात भरली. १८९५ मध्ये फ्यूक्स या संशोधकांनी तेथे उत्खनन केले. नाम्पेयोंचे पती लेसू तेथे मजुरीला होते. त्यावरून, ही कला त्यांना उत्खननामुळेच मिळाली असे बरीच वर्षे छापले गेले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की त्याआधीपासूनच त्या जुन्या वळणाची भांडी घडवीत होत्या. बाईच्या मेहनतीचे श्रेय साहेबाच्या खात्यात जमा व्हावे, हे आम्हाला खटकते. शिवाय त्यांनी नुसती नक्कल केली नाही. जुन्या आकृत्या मोडून स्वतःची मांडणी केली.

१९०५ मध्ये ग्रँड कॅनियन येथे आणि १९१० मध्ये शिकागोत त्यांनी लोकांसमोर भांडी घडवली. पण तोपर्यंत खुपऱ्यांच्या रोगाने नजर मंद होत चालली होती. पुढे जवळजवळ काहीच दिसेनासे झाले. तरी बोटांनी चाचपत त्या भांडी घडवीतच राहिल्या. रंगकाम लेसू करीत, त्यांच्यानंतर मुली, विशेषतः धाकटी फॅनी.

१९४२ साली नाम्पेयो वारल्या. आपल्या भांड्यांवर त्या नाव घालीत नसत. त्यामुळे एखादे भांडे खरोखर त्यांच्याच हातचे का, यावर जाणकारांत अजूनही वाद होतो.