गाडीवरचा क्लीनर लोकशाहीर झाला : अमर शेख यांचं आयुष्य गावोगावच्या मैदानांत गेलं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा विषय निघाला की ‘माझी मैना’ ही छक्कड आठवतेच. ती लिहिली अण्णाभाऊ साठेंनी, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण शिवाजी पार्कच्या सभांपासून खेड्यातल्या पारापर्यंत ती पोहोचवणारा पहाडी आवाज होता शाहीर अमर शेख यांचा. आज रील्सवर या छक्कडीचे तुकडे फिरतात, तिथं मूळ गायकाचं नाव क्वचितच दिसतं.

खरं तर अमर शेख हेही त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. ते होते मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा.

बार्शी त्या काळात मोठं मजेशीर ठिकाण होतं. गाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, पण शीव ओलांडली की निजामाचं राज्य. तेव्हाच्या औरंगाबादपासून लातूरपर्यंतचा सगळा मराठवाडा निजामाकडे होता आणि तिथला माल विकायला बार्शीच्या बाजारात यायचा. १८९७ साली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, पुढे ती लातूरपर्यंत गेली. व्यापार वाढला, कापडगिरण्या आल्या आणि गिरण्यांसोबत कामगारही आले.

मेहबूबच्या घरची परिस्थिती बेताची होती. आई मुनेरबी यांच्या तोंडी ओव्या आणि लोकगीतं असायची. गाण्याचं पहिलं शिक्षण झालं ते तिथंच. शाळा फार झाली नाही. पोटासाठी पोरगा मोटारगाडीवर क्लीनर म्हणून लागला, नंतर गिरणीत गेला.

गिरणीत संप झाला आणि त्यात मेहबूब पुढे होता. शिक्षा म्हणून त्याची रवानगी विसापूरच्या तुरुंगात झाली. तिथं कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि कम्युनिस्ट विचारांची ओळख झाली. सुटल्यावर तो कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत नोकरीला लागला. याच काळात मेहबूब पटेलचा अमर शेख झाला. सिनेमात करिअर करायची ही चांगली संधी होती, पण पठ्ठ्याचा ओढा चळवळीकडे होता. तो मुंबईच्या कामगार वस्तीत आला.

तिथं त्यांना दोन जोडीदार मिळाले. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे आणि शाहीर द. ना. गवाणकर. १९४४ साली या तिघांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं.

आता कलापथक म्हणजे काय, ते थोडं समजून घेऊ. आजच्या भाषेत याला फिरता बँड म्हणता येईल. मुख्य शाहिराच्या हातात डफ, बाजूला तुणतुणं, झांज आणि ढोलकी, मागं झील धरणारे झीलकरी. सुरुवातीला गण, मग पोवाडा, दोनचार गाणी, आणि शेवटी वग. साचा तमाशाचाच, पण आतला ऐवज बदललेला. अण्णाभाऊंनी गणात गणपतीऐवजी मातृभूमीला वंदन केलं आणि गवळण काढूनच टाकली. वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेतकरी, गिरणीमालक आणि निवडणुकीला उभे राहिलेले शेठजी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेठजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही त्यातली गाजलेली नावं.

तिघांच्या कामाची वाटणी अशी काटेकोर नव्हती. अण्णाभाऊ लिहायचे आणि सोंगही वठवायचे, गवाणकर रचायचे आणि गायचे. अमर शेख स्वतः कवी होते, पण पथकात त्यांची सगळ्यात मोठी ताकद होती गळा. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. गावातल्या मैदानात हजारभर माणसं बसलेली, मागच्या रांगेत पोरं रडतायत, कुत्री भुंकतायत, आणि ध्वनिक्षेपक चांगला मिळेलच याची खात्री नाही. अशा ठिकाणी शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला नाही, तर वग कितीही चांगला लिहिलेला असो, खेळ पडलाच म्हणून समजा. भाषण ऐकायला न येणारी माणसं डफाची थाप ऐकून यायची. ज्या गावात वर्तमानपत्र पोहोचत नव्हतं, पोहोचलं तरी वाचणारे मोजकेच होते, तिथं बंगालचा दुष्काळ कसा पडला, संप कशासाठी चाललाय, हे लोकांना पोवाड्यातून कळायचं.

सरकारलाही ही ताकद कळली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबई राज्यात कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. तमाशावर बंदी आली आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही. मग तोच खेळ ‘लोकनाट्य’ या नावानं उभा राहिला. आज हा शब्द आपण किती सहज वापरतो, पण तो रूढ होण्यामागं या बंदीचा मोठा हात आहे.

पुढे पथकातल्या वाटा वेगळ्या झाल्या. अमर शेख यांनी स्वतःचं कलापथक काढलं आणि गावोगाव फिरणं चालूच ठेवलं. १९५१ साली त्यांचं ‘अमरगीत’ आणि ‘पहिला बळी’ हे नाटक आलं.

मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पण मराठी माणसाचं स्वतंत्र राज्य अजून व्हायचं होतं. अशा वेळी अमर शेख ‘माझी मैना’ गात फिरत होते. वरवर पाहिलं तर पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण येते, एवढीच ती गोष्ट. पण पुढं तीच मैना बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होऊन समोर येते. सीमावादाचा नकाशा डोक्यावरून जाणाऱ्या माणसालाही विरह समजतो. अण्णाभाऊंनी हे हेरलं होतं आणि अमर शेख यांच्या आवाजानं ते थेट काळजात उतरवलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्याचं श्रेय वाटताना पुढाऱ्यांची नावं आधी घेतली जातात. सभेला ती गर्दी थांबवून कोण धरत होतं, हेही एकदा विचारायला हवं.

गोवामुक्तीच्या लढ्यातही ते गात होते. मधेच सिनेमाही झाला. आचार्य अत्रेंच्या १९५४ च्या ‘महात्मा फुले’मध्ये ते दिसले. १९६१ च्या ‘प्रपंच’ या गरीब कुंभार कुटुंबाच्या गोष्टीत सुलोचनाबाईंसोबत त्यांची महत्त्वाची भूमिका होती. ‘कलश’ १९५८ मध्ये आणि ‘धरतीमाता’ १९६३ मध्ये आला, हे दोन्ही कवितासंग्रह. अत्रेंनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्कीशी केली होती. तरीही साहित्यिक म्हणून त्यांची चर्चा फारशी झाली नाही. कारण उघड आहे. त्यांची कविता डफाच्या थापेवर, समोरच्या माणसांकडं बघत म्हणायची होती. कागदावर त्यातलं निम्मं पोहोचतं आणि निम्मं त्या रात्रीच्या मैदानातच राहतं.

शाहिरीतून घर चालवणं सोपं नव्हतं. चळवळीचा कार्यक्रम म्हटला की मानधनाची बोली कोण करणार? पत्नी कुसुम जयकर याही चळवळीतल्याच. दोघांचं लग्न आंतरधर्मीय होतं. घरात दोन मुली. शाहीर मात्र बराच काळ प्रवासात.

१९६९ चा पावसाळा फार वाईट गेला. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला गोरेगावमध्ये अण्णाभाऊ गेले, वय होतं अवघं ४८. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. ते ५२ वर्षांचे होते. ज्यांनी लेखणीनं, वाणीनं आणि गळ्यानं संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटवलं होतं, ते तिघं ७७ दिवसांत संपले. इंदापूर त्यांच्या बार्शीपासून फार लांब नाही.

वडील गेले तेव्हा धाकटी मलिका शाळकरी वयाची होती. पुढे ती कवयित्री मलिका अमर शेख म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली, कवी नामदेव ढसाळ यांच्याशी तिचं लग्न झालं. तिनं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन लिहिलं. त्याच्या मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावात वडिलांचं नाव आहे, तेच स्वतः घेतलेलं, अमर शेख.